तहमीनाच्या चांदण्या

सकाळी साडेनवाला तहमीना मुलाणीनं दुकानाचं शटर वर केलं, कॉम्प्युटर चालू केला, ब्राउझर उघडला, आणि तिथं कुणीच नव्हतं.

कुणीच नव्हतं, हेच तिच्या मनात आलं. एरवी पडद्याच्या वरच्या पट्टीत ओळीनं फोल्डर असायचे: गावठाण, मळे, वाड्या, नदीपलीकडचे. प्रत्येकाच्या पोटात माणसं. आज ती पट्टी निवडणुकीनंतर चुना मारलेल्या भिंतीसारखी कोरी होती.

तिनं ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला. मग कॉम्प्युटरच बंद केला, बाटलीतलं पाणी प्यायली, आणि पुन्हा चालू केला. पट्टी कोरीच.

मांडवगण फराट्याच्या एसटी स्टँडासमोर तिचं हे दुकान. ऑनलाईन फॉर्म भरायचं. अकरा वर्षांपूर्वी वरवंडच्या सासरहून ती माहेरी परत आली तेव्हा बरोबर दोन पेट्या आणि एक जुना कॉम्प्युटर घेऊन आली होती. नवऱ्याशी का पटलं नाही ते गावानं तिला कधी सरळ विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. त्याऐवजी गाव आपली कामं घेऊन येऊ लागलं. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रेशन कार्ड, पीकविमा, पोरांचे प्रवेश. फॉर्म भरला की ती पावती छापून द्यायची, आणि महिन्यानं तोच माणूस हात हलवत यायचा. पावती सदऱ्याबरोबर धुतली. पावतीत तंबाखू बांधली. पावती कुठं ठेवली ते बायकोला ठाऊक, आणि बायको तिच्या माहेरी.

दुसऱ्या वर्षी वैतागून तिनं उपाय काढला. ब्राउझरच्या पट्टीत पत्त्याशेजारी एक चांदणी असते, ती दाबली की ते पान जपून राहतं. बुकमार्क. ती प्रत्येकाच्या अर्जाचं पान चांदणी दाबून ठेवू लागली आणि नावाच्या जागी माणसाचं नाव, काम, अर्ज क्रमांक, पासवर्ड, सगळं एका ओळीत लिहू लागली. पावती हरवते, चांदणी हरवत नाही, असं ती म्हणायची. लोकांना ते फार आवडलं. पुढं पुढं ते पावती मागेनातच. काउंटरवरून उठता उठता विचारायचे, "आमची चांदणी मारली ना, ताई?" आणि मोकळ्या हातानं घरी जायचे. मोबाईल नंबरसुद्धा दुकानाचाच टाका म्हणायचे, कारण त्यांची सिमकार्डं दर रिचार्जला बदलायची. दुकानाच्या छोट्या फोनचा इनबॉक्स भरला की ती सगळे मेसेज पुसून टाकायची. अर्ज क्रमांक चांदणीत होतेच.

कालपर्यंत चारशे बारा चांदण्या होत्या.

पावणेदहाला सिंधूबाई आली. शाळेत खिचडी शिजवायचं तिचं काम, आज रजा टाकून आली होती. मागं तिची मुलगी वैष्णवी, अंगात ठेवणीतला ड्रेस. वैष्णवीचा दौंडला नर्सिंगला नंबर लागला होता. जागा पक्की करायची तर संध्याकाळी पाचच्या आत संकेतस्थळावर जाऊन तसं कळवायचं. पाचनंतर ती जागा यादीतल्या पुढच्या मुलीची.

"पाच मिन्टाचं काम म्हणाला होता तुम्ही," सिंधूबाई स्टुलावर टेकत म्हणाली.

"पाच मिनिटांचंच हाय. बसा."

तहमीनानं संकेतस्थळ शोधून काढलं. अर्ज क्रमांक मागितला. पासवर्ड मागितला. पासवर्ड विसरलात का, असंही एक बटण होतं. ते दाबलं तर त्यानं अर्ज क्रमांक मागितला.

"सिंधूबाई, पावती आणलीय का?"

"पावती?" सिंधूबाईनं मुलीकडं पाहिलं. "तुम्हीच म्हणाला की, घरी नेऊन हारवू नका. चांदणी हाय."

"हाय. जरा थांबा."

ती थांबली. तहमीनानं पट्टी लपवली आणि पुन्हा दाखवली. बुकमार्कांची यादी उघडली. यादीत लिहिलं होतं की यादीत काही नाही. कचऱ्याची टोपली उघडली, त्यात एका लग्नपत्रिकेचे चार नमुने होते. छोट्या फोनमध्ये पाहिलं. इनबॉक्स तिनं परवाच पुसला होता. हेल्पलाइनचा नंबर लावला. तिथं एक बाई फार गोड आवाजात सांगत होती की आपण रांगेत आहात, आणि मग बासरी वाजायची.

साडेदहाला सर्जेराव आले.

सर्जेराव म्हणजे मळ्यातलं मोठं खटलं. ऊस, दोन ट्रॅक्टर, सोसायटीत तीन वेळा संचालक. गेला महिनाभर ते चार दिवसांआड येत होते. नातू झाला होता, त्यांच्या इंद्रजीतचा मुलगा, त्याचं नाव घरच्या रेशन कार्डात चढवायचं होतं. जन्माचा दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालून ते आणत, आणि तहमीना दर वेळी म्हणे, "आबा, सर्व्हर डाऊन हाय."

सर्व्हर डाऊन नव्हता. इंद्रजीत तीन महिन्यांपूर्वी भर दुपारी, दुकानात कुणी नसताना, वेगळ्या रेशन कार्डाचा अर्ज भरून गेला होता. आबांना एवढ्यात कळू देऊ नका, मी सांगतो त्यांना, म्हणाला होता. अजून सांगितलं नव्हतं. बापलेक एकाच ताटलीतली भाकरी मोडत होते आणि त्यांच्यामधला कागद तहमीना सांभाळत होती.

"आज बी डाऊनच असंल," सर्जेराव बाकावर बसत म्हणाले.

"आज खरंच बंद हाय, आबा."

"म्हंजी आधी खोटं होतं व्हय?"

सिंधूबाई हसली. तहमीनाला हसू आलं नाही. तिनं काय झालं ते सांगितलं, आणि सांगितल्याबरोबर तिला पस्तावा झाला, कारण दुकानात तोवर आणखी तिघं येऊन थांबले होते आणि आता सगळ्यांनाच उपाय सुचायला लागले.

"वायर काढून लावून बघा."

"आमच्या पाव्हण्याचं असंच झालं होतं. पार मशीन टाकून दिलं त्यानं."

"पंख्याखाली ठेवा, तापलं असंल."

"मला बघू दे जरा," सर्जेराव म्हणाले. "इकडं फिरव त्यो पडदा."

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं, आबा?"

"कळत न्हाई. पर चार डोळं बरं."

"न्हाई फिरवायचा."

पडदा फिरवायचा नाही, हा तिचा नियम होता. दुकान काढलं त्या वर्षी एका माणसानं तिच्या खांद्यावरून वाकून आपल्या भावाचा वारसनोंदीचा अर्ज वाचला होता आणि दोघं भाऊ समोर स्टँडात एकमेकांच्या उरावर बसले होते. त्याच दिवशी तिनं प्रिंटरच्या खोक्याचा पुठ्ठा कापून पडद्याच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टीनं झापडं लावली, टांग्याच्या घोड्याला असतात तशी. काउंटरच्या आत कुणी यायचं नाही. कुणाच्या घरात काय फाटलंय ते या पुठ्ठ्यांच्या मध्ये दिसायचं, आणि ते एकटीनं पाहायचं. कुणाचं उत्पन्न कागदावर किती आणि दारात गाडी कोणती. कुठल्या सुनेनं माहेरच्या पत्त्यावर आधार बदलून घेतलं. अकरा वर्षं तिनं हे पोटात ठेवलं होतं, आणि कधी कधी जेवताना तिला वाटायचं की आपल्याला भूक लागत नाही ती यामुळंच.

अकराला तिनं दौंडच्या कैफला फोन लावला. कैफ कॉम्प्युटर दुरुस्त करायचा.

"आपा, व्हायरस हाय त्यो," कैफ न बघताच म्हणाला. "फॉरमॅट मारावं लागंल."

"फॉरमॅट मारल्यावर चांदण्या येतील?"

"मशीन नव्यावानी व्हईल."

"चांदण्या येतील का?"

"त्या कशा येतील? पर लई फास्ट पळंल बघा."

"मला पळवायचं न्हाई रे त्याला. कुठं ठेवलंय तेवढं सांगायला पाहिजे त्यानं."

"मग असं करा, मला रिमोट द्या. मी हितं बसून तुमचा सगळा पडदा बघतो. दहा मिनिटांत काम."

कैफची आत्या याच गावात दिली होती. आत्याच्या सुनेचा एक अर्ज चांदण्यांत होता, किंवा काल होता.

"नको," तहमीना म्हणाली. "तू ये."

"दोनला येतो."

दोनला तो आला नाही. अडीचला त्याचा फोन आला की शिरूरला एका दवाखान्याचं मशीन बसलंय, तिथं अडकलोय, तोवर फॉरमॅटचं मनावर घ्या.

दुकानात जेवणाची वेळ कुणी पाळली नाही. सिंधूबाईनं फडक्यातली चपाती सोडली आणि तहमीनाला अर्धी दिली. ती तशीच कीबोर्डाशेजारी पडून राहिली. वैष्णवी सकाळपासून भिंतीशी उभी होती. एकदा तिनं "ताई, मी बघू का?" असं विचारलं होतं, आणि तहमीनानं "मधी बोलू नको" म्हणून तिला गप्प केलं होतं. नंतर त्या मुलीनं तोंड उघडलं नाही. ती फक्त घड्याळाकडं बघायची, आणि घड्याळाकडं बघितलेलं तहमीनाला दिसायचं.

सर्जेराव गेले नव्हते. बाकावर एक झोप काढून उठले होते.

"वहीत लिवायला काय झालं होतं तुला?" ते म्हणाले. "आमच्या सोसायटीत अजून वही हाय. उंदीर कुरतडतील, पर एका रात्रीत चारशे माणसं खायची न्हाईत."

"आबा, तुम्ही घरी जा ना."

"नाव चढवल्याबिगर जात न्हाई."

तिला ओरडावंसं वाटलं. तिनं खुर्ची मागं सरकवली, पुढं घेतली. काल संध्याकाळपर्यंत सगळं जागच्या जागी होतं. कालचा शेवटचा माणूस कोण? हृतिक. शिक्रापूरला कंपनीत लागलेला, तिथंच खोली घेऊन राहणारा. कंपनीला द्यायचे कागद छापायला आला होता, कागद त्याच्या मेलमध्ये होते. तेवढ्यात तिला तहसीलच्या माणसाचा फोन आला आणि रेंज मिळेना म्हणून ती बाहेर पायरीवर गेली. जाताना म्हणाली, आत बस आणि तूच उघड तुझा मेल. अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणी काउंटरच्या आत बसलं होतं, तेही दहा मिनिटं.

तिनं त्याला सकाळपासून सहा फोन केले होते. कंपनीत फोन लॉकरमध्ये ठेवतात. पहिली शिफ्ट सुटल्यावर, साडेतीनला, त्यानं उचलला. मागं ट्रकांचे हॉर्न वाजत होते.

"काल माझ्या मशीनला काय केलंस तू?"

"काय न्हाई, ताई. मेल उघडला, प्रिंट मारली."

"आणि?"

"आणि काय न्हाई. त्ये कायतरी इचारत होतं. कंटिन्यू दाबलं."

"काय इचारत होतं?"

"वाचलं न्हाई मी."

"न वाचता दाबलंस?"

"कोण वाचतं, ताई?" हृतिक म्हणाला. त्याच्या आवाजात उद्धटपणा नव्हता, खरंच विचारत होता. "तुम्ही तरी वाचता का?"

तहमीनानं फोन ठेवला. ती वाचत नव्हती. चारशे माणसांच्या वतीनं तिनं न वाचता होय म्हटलं होतं, अटी मान्य आहेत म्हटलं होतं, वरील माहिती सत्य आहे म्हटलं होतं. दारात माणसं ताटकळलेली असताना वाचणार कोण.

चार वाजून दहा मिनिटं झाली. हेल्पलाइनवर बासरी वाजत होती.

"ताई," सिंधूबाई म्हणाली. सबंध दिवसात तिचा आवाज पहिल्यांदा हलका झाला. "व्हणार नसंल तर तसं सांगा. म्हंजी हिला घिऊन मी जाते. हितं पोरीला पाच वाजताना बगायचं, ते मला जमायचं न्हाई."

तहमीनानं उजव्या बाजूचा पुठ्ठा धरून ओढला. अकरा वर्षांची चिकटपट्टी कुरकुरली आणि रंगाचा पोपडा घेऊन निघाली. मग तिनं दोन्ही हातांनी पडदा धरून काउंटरवर फिरवला.

"वैष्णवी, बघ बाई. तुम्हा पोरांना कळतं. मला कळंना."

वैष्णवी पुढं आली. पण काउंटर अरुंद, बाक त्याला लागूनच. पडदा वैष्णवीकडं वळला तसा तो सर्जेरावांकडंही वळला. त्यांनी खिशातून चष्मा काढून लावला. या दुकानाचा पडदा ते पहिल्यांदाच बघत होते आणि कुठं बघायचं असतं ते ठाऊक नसल्यामुळं सगळीकडं बघत होते.

"ह्यो वरच्या कोपऱ्यात गोल काय हाय?"

"ते असतंच तिथं, आबा."

"गोलात एच लिवलंय. इंग्रजीतला." सर्जेराव सोसायटीच्या कागदांवर इंग्रजीत सह्या करायचे, तेवढी अक्षरं त्यांना यायची. "तुझं नाव तर टी वरनं सुरू व्हतं."

तहमीना वाकून पाहू लागली. तो गोल तिथं नेहमी असायचा. त्यात काय लिहिलेलं असतं ते तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"हे हृतिकदादाचं खातं हाय, ताई," वैष्णवी म्हणाली. "काल त्याचं नवीन उघडलं गेलं असंल, आन् आज मशीननं तेच पुढं केलं. तुम्ही सकाळपासनं त्याच्या खात्यात बसलाय. त्याच्या कुठनं असायच्या चांदण्या."

तिनं गोल दाबला. खाली एक लहान चौकट उघडली, तिच्यात दुसरा गोल होता, आणि त्याच्यापुढं तहमीना असं लिहिलं होतं. तो दाबला. नवी खिडकी उघडली, आणि वरच्या पट्टीत ओळीनं सगळे परत आले: गावठाण, मळे, वाड्या, नदीपलीकडचे. ते कुठं गेलेच नव्हते. शेजारच्या खोलीत बसून होते.

सिंधूबाईनं पदरानं तोंड पुसलं. कुणीतरी मागून म्हणालं, "एवढंच होतं व्हय." ते ऐकून तहमीनाच्या डोक्यात सबंध दिवसाचा राग एकदम चढला, आणि त्या रागात तिला पडदा परत फिरवायचं सुचलं नाही.

वैष्णवीनं मळे उघडलं. नावांची लांब यादी खाली सुटली. सगळ्यात शेवटी तिचं नाव होतं, नर्सिंग, अर्ज क्रमांक, पासवर्ड. त्याच्या दोन ओळी वर होतं: इंद्रजीत – वेगळं कार्ड – आबांना नको.

ते तहमीनानं स्वतःच लिहिलं होतं, आपल्याला आठवण राहावी म्हणून.

वैष्णवीनं वाचलं की नाही कळलं नाही. तिनं आपल्या नावावर माऊसचा बाण नेऊन दाबला आणि यादी मिटली. पण यादी उघडी होती तेवढ्यात सर्जेरावांचा चष्मा हलायचा थांबला होता.

तहमीनानं पडदा आपल्याकडं ओढला. हात काम करत होते. अर्ज क्रमांक, पासवर्ड, जागा मान्य आहे का. या वेळी तिनं खालच्या अटी वाचल्या, तीनच ओळी होत्या. मग होय दाबलं. चार वाजून चोवीस मिनिटांनी प्रिंटरमधून पावती निघाली.

"ही घरी न्यायची," ती सिंधूबाईला म्हणाली. "हारवली तर माझ्याकडं यायचं न्हाई."

"आन् चांदणी?"

"ती बी हाय. पर ही घरी न्यायची."

वैष्णवी जाताना काउंटरपाशी थांबली. "ताई, त्या सगळ्याची एक फाईल करून पेनड्राईव्हवर ठेवा. करता येती." मग आईच्या मागं गेली. रस्ता ओलांडताना सिंधूबाईनं पावती दोन्ही हातांत धरली होती, ओली असल्यासारखी.

बाकीच्या तिघांची कामं लांबची होती. उद्या येतो म्हणून ते गेले. बाकावर सर्जेराव उरले. त्यांनी चष्मा काढून हातात धरला होता आणि समोर स्टँडात उभ्या असलेल्या एसटीकडं पाहत होते. एसटी सुटली, तरी तिकडंच पाहत होते.

"आबा," तहमीना म्हणाली. मग सवयीनं जे तोंडात आलं ते बोलली. "तुमचं उद्या करू. आता सर्व्हर..."

"डाऊन हाय. ठाऊक हाय मला."

ते उठले. प्लास्टिकच्या पिशवीतून दाखला काढून त्यांनी काउंटरवर ठेवला आणि त्याचा मुडपलेला कोपरा अंगठ्यानं दाबून सरळ केला.

"ह्यो ठेव तुझ्याकडं. पोराचं नाव त्याच्या बापाच्या कार्डात चढव. जे व्हईल त्यात."

"मला सांगता येत नव्हतं, आबा. त्यानं मला..."

"तू कशाला सांगशील? तू सांगत न्हाईस म्हणून तर लोकं येत्यात." त्यांनी टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली, पुन्हा घातली. "आन् मी बघितलंय, हे त्याला सांगू नगंस. त्यो सांगंल तवा मला कळंल."

ते पायरी उतरून गेले. तहमीनानं कीबोर्डाशेजारची वाळलेली चपाती उचलली, बाजूला ठेवली. दाखला खणात ठेवला. मग मळे उघडून इंद्रजीतच्या ओळीवर गेली, उजवं बटण दाबून नाव बदलायची चौकट उघडली, आणि शेवटचे दोन शब्द पुसले. थोडा वेळ कर्सर तिथं उघडमीट करत राहिला. तिनं लिहिलं: आबांना माहीत. इंद्रजीतला नको.

एकदा वाचून पाहिलं. ठीक होतं. तिनं सेव्ह केलं, आणि निघालेला पुठ्ठा परत लावायला खणात चिकटपट्टी शोधू लागली.